किंगरीचा सूर आणि पिंपरी पेंढारचा बेंजो

कल्याणहून नगरकडे जाणारा हमरस्ता माळशेजचा घाट चढून वर आला म्हणजे प्रवाशास जुन्नर तालुक्याचे प्रथम दर्शन घडते. पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी काही काळ सोबत करते, पुढे ओतूर लागते, आणि ओतूर सोडून आळेफाट्याची वाट धरली म्हणजे मध्येच पिंपरी पेंढार हे गाव येते. ओतुरास तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी व कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तेथे तांदळाच्या पिंडी रचतात व त्या पाहण्यास दूरदूरचे लोक लोटतात. आळ्यास, ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदविले असे आपण मानतो, त्या रेड्याची समाधी आहे. यात्रेकरू ही दोन्ही स्थळे पाहून पुढे जातो. मधल्या गावी उतरण्याचे त्यास प्रयोजन पडत नाही. आमचे साडू पिंपरी पेंढारास शेती पाहतात, म्हणून आम्ही तेथे सहकुटुंब उतरलो आणि पौषाचा बहुतेक महिना तेथे राहिलो. त्या मुक्कामात जे पाहिले व ऐकले, ते वाचकांच्या कानी घालावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

गाव शेतीचे. ऊस, कांदा, टोमॅटो यांत माणसे गढलेली. उसाच्या आश्रयाने जुन्नर तालुक्यात बिबट्यांची वस्ती इतकी वाढली आहे की, तिन्हीसांजा झाल्यावर कोणी एकटे निमूटपणे वाट चालत नाही. अंधारात जाणे पडलेच तर मोठ्याने बोलत जावे, गाणे लावून जावे, अशी वनखात्याची शिकवण आहे. त्यामुळे सायंकाळी शेतावरून परतणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात फोनवर काही ना काही वाजत असते. गाव त्या वेळी सुरांनी भरून जाते; मात्र ते सूर गावाचे नसतात, कोठून तरी आलेले असतात. अशाच एका सायंकाळी शेजारच्या घरातून बेंजोचा आवाज आला, आणि जी चाल त्यावर अडखळत अडखळत निघत होती ती ऐकून आम्ही ओसरीवर थबकलो. ती किंगरीची चाल होती.

बेंजो म्हटल्याबरोबर आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल. वराती, विसर्जनाच्या मिरवणुका, टेम्पोवर चढविलेले भोंगे व त्यांतून निघणारी सिनेमातील गाणी, एवढाच या वाद्याशी सुशिक्षित घरांचा परिचय. तथापि त्याची कुळकथा ऐकण्याजोगी आहे. नाव अमेरिकेचे, परंतु देह जपानी. जपानात १९१२ साली ताइशो शकास आरंभ झाला. त्याच वर्षी नागोया शहरी मोरिता गोरो नावाच्या वादकाने टंकलेखन यंत्राच्या कळांसारखी बटणे तारांच्या वाद्यास जोडली व त्यास ‘ताइशोगोतो’ हे नाव मिळाले. हिंदुस्थानात ते आले ते ‘बुलबुलतरंग’ होऊन, आणि आपल्या महाराष्ट्रातील वाजवणाऱ्यांनी त्यास बेंजो म्हटले. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या. डाव्या हाताने बटण दाबले म्हणजे तार खालच्या पडद्यावर टेकते, आणि उजव्या हातातील नखीने ती छेडावयाची. बाजूस आणखी काही तारा असतात. त्यांना बटण नसते, त्या एकाच स्वरात गुणगुणत राहतात. बलुचिस्तानात हेच वाद्य ‘बेंजू’ या नावाने तेथील सुरोझ नामक गजाच्या जुन्या वाद्याशेजारी जाऊन बसले आणि लोकसंगीतात मानाने नांदू लागले. तेव्हा वाद्य हलके नसते; त्याजकडून आपण काय वाजवून घेतो यावर त्याची योग्यता ठरते.

बेंजो वाजविणारा तरुण आळेफाट्याच्या कांदाबाजारात काम करतो आणि लग्नसराईत व गणेशोत्सवात एका पथकात वाजवितो. आम्ही चौकशी करता तो संकोचून म्हणाला, “गुरुजी, आमची आजी किंगरीवाल्या बाबांना दरवर्षी ओसरीवर बसवून गोपीचंद गायला लावायची. आता आजी न्हाई. बाबाही थकलेत. ती चाल कुठं तरी राहावी म्हणून बसवतोय, पण बसत न्हाई.”

किंगरी म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगावयास हवे. नाथपंथी जोग्यांपैकी जे हे वाद्य घेऊन दारोदार गात फिरतात त्यांस किंगरीवाले म्हणतात. आम्ही पाहिली ती किंगरी अशी: एक वेळूचा दांडा, त्याच्या टोकास कातड्याने मढविलेली नारळाची कवटी, दोन तारा, आणि घोड्याच्या केसांचा गज. गजास घुंगरे बांधलेली, त्यामुळे प्रत्येक ओढीबरोबर ताल आपोआप उमटतो. गुजरात-राजस्थानातील रावणहत्था याच जातीचा. किंगरी हे नाव ‘किन्नरी’ या संस्कृत नावाशी जुळते. आणि देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचिला, त्यात किन्नरीचे वर्णन आहे. परंतु ती किन्नरी भोपळे लाविलेली, पडद्यांची व बोटाने छेडावयाची वीणा होती. नाव टिकले आणि वाद्य पालटले. तेव्हा गजाची चाल पुनश्च पडद्यांच्या, छेडण्याच्या वाद्यावर जात असेल तर त्यात अघटित असे काही नाही.

गोपीचंदाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा १८१९ साली पुरा झालेला चाळीस अध्यायांचा ग्रंथ श्रावणात कितीतरी घरी वाचिला जातो. बंगालचा तरुण राजा गोपीचंद स्नानास बसला असता वरून एक ऊन थेंब अंगावर पडतो. मान वर करून पाहतो तो माता मैनावती रडते आहे. हा सुंदर देह एके दिवशी मातीस मिळणार, याचे तिला दुःख. आणि त्यावर उपाय म्हणून ती आपल्याच पुत्रास जोगी होण्यास सांगते. पुत्र चिरंजीव व्हावा म्हणून पुत्रास घरातून घालविणारी ही आई, आणि तिचा शोक, हाच किंगरीवाल्यांच्या गाण्याचा प्राण. त्या गाण्याची चाल पाचच स्वरांत फिरते, फार वर जात नाही, आणि प्रत्येक ओळीअखेर षड्जावर येऊन टेकते. एवढी साधी चाल बेंजोवर का बसू नये?

दुसऱ्या दिवशी तो तरुण आम्हांस घेऊन गावाबाहेर, पाल देऊन राहिलेल्या नाथबाबांकडे गेला. बाबांनी त्याचे वादन शांतपणे ऐकिले. तरुणाने फोनवर चाल मुद्रित करून घेतली होती, आणि तीतील एकूण एक स्वर बटणांवर शोधून काढिला होता. स्वर सर्व होते; चाल मात्र नव्हती. बाबा म्हणाले, “पोरा, बोलतंय चांगलं हे. पर याला हुंदका येत न्हाई.”

या एका वाक्यात अवघे वाद्यशास्त्र आहे. किंगरीस पडदा नसतो; बोट तारेवर सरकते, आणि गज चालू असेतोपर्यंत स्वर जिवंत राहतो. म्हणून एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली सर्व वाट ऐकू येते, आणि शोक असतो तो त्या वाटेतच. बेंजोची तार छेडिली की क्षणात तिचा आवाज विरू लागतो. आणि बटणे सप्तकातील बारा जागी खिळलेली, मधल्या जागा त्यास नाहीत. पेटीचीही हीच अडचण होती. आकाशवाणीने १९४० साली पेटीस बंदी घातली ती मुख्यतः याच आक्षेपावरून, आणि ती उठण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत आमच्या घराघरांतून भजन व नाट्यगीते पेटीवरच चालली होती, हेही लक्षात ठेविले पाहिजे.

तरुणाने पथकातील नेहमीची युक्ती योजिली. लांब स्वर टिकविण्यासाठी नखी भराभर चालवून एकाच स्वराचा कंप चालू ठेविला. सिनेमातील गाण्यास ते शोभते. बाबांनी मात्र हात वर केला. “लय घाई हाये यात. माय अशी रडत न्हाई. ठेव ते बाजूला, आधी म्हण.”

येणेप्रमाणे खऱ्या शिक्षणास आरंभ झाला. तीन दिवस बेंजोस हात लावावयाचा नाही, केवळ गावयाचे. तरुणाचा गळा काही गोड नव्हे. पण गाताना श्वास कोठे संपतो, कोणत्या अक्षरावर आवाज टेकतो आणि कोणत्या अक्षरावरून तो नुसता घसरून जातो, हे त्यास कळू लागले. संगीतशास्त्रात विसाव्याच्या स्वरास न्यास म्हणतात. बाबांस तो शब्द ठाऊक नव्हता. ते त्यास ‘बूड’ म्हणत. घागर बुडावर उभी राहते, तशी चाल त्या जागांवर उभी राहते, असे त्यांचे सांगणे. संस्कृत शब्दापेक्षा हा शब्द आम्हांस अधिक समर्पक वाटला.

चौथ्या दिवशी बेंजो पुन्हा उघडला. बाजूच्या ज्या तारा तरुणाने निरुपयोगी म्हणून सैल सोडिल्या होत्या, त्या प्रथम षड्जात मिळविल्या. एवढ्यानेच अर्धे काम झाले, कारण किंगरीच्या दुसऱ्या तारेची गुणगुण परत आली. नंतर त्याने स्वर कमी करण्यास आरंभ केला. मधले स्वर गाळून केवळ ती बुडे वाजवावयाची. जेथे आवाज घसरतो तेथे नखीचा एकच आघात, आणि त्याच आघाताच्या आवाजात खालचे बटण सोडून वरचे हलकेच दाबावयाचे. दुसरा स्वर छेडिल्यावाचून पहिल्याच्या पोटातून निघतो. बटण किंचित अधिक दाबिले तर तार ताणून स्वर केसभर चढतो, हे त्यास चाचपता चाचपता सापडले. आणि जेथे किंगरीचा गज लांबवर ओढ घेतो तेथे त्याने काहीच वाजविले नाही. तार विरू दिली, बाजूच्या तारांवर घुंगरांच्या तालात दोन हलके आघात केले, आणि थांबला. ऐकणाऱ्याच्या कानाने ती मोकळी जागा आपण होऊन भरून काढिली. जे वाद्यास साधत नाही ते श्रोत्यावर सोपविणे हीही एक कलाच आहे.

दूर अमेरिकेत हाच प्रश्न पूर्वी पडलेला आहे. तेथील बेंजो आपल्यापेक्षा निराळा, कातडे ताणलेला. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी आपल्या देशीच्या भोपळ्याच्या वाद्यांवरून तो त्या मुलखात घडविला. आयर्लंड-स्कॉटलंडहून गेलेल्यांनी तेथे फिडल नेले, आणि दोन्ही वाद्ये एकत्र वाजू लागली. फिडलच्या जुन्या गती बेंजोवर काढण्याच्या तेथे दोन रीती आहेत. जुन्या रीतीत वादक नखाने तार खाली मारितो, आखूड अशी पाचवी तार अंगठ्याने मधून मधून छेडितो, आणि गतीचा केवळ सांगाडा व ताल राखितो. दुसऱ्या रीतीत फिडलचा प्रत्येक स्वर बेंजोवर वाजतो. बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात १९६३ साली आलेल्या बिल कीथ यांनी ती लोकप्रिय केली. त्या गती नाचाच्या व द्रुत असतात, म्हणून तेथे प्रत्येक स्वर वाजविणे शोभते. गोपीचंदाची चाल विलंबित व शोकाची. तिला पहिलीच रीत मानवली. आणि पिंपरी पेंढारच्या तरुणाने ती अमेरिकेचे नाव न घेता एका जोग्यापासून उचलिली. फिडलच्या बाबतीत तर आपलाही अनुभव आहे. ते विलायती वाद्य येथे आले, आणि गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांच्यासारख्या गवयाच्या हाती ते ख्याल गाऊ लागले. आज त्यास कोणी परके म्हणत नाही.

येथवर वाद्याची गोष्ट झाली. परंतु ती चाल दुसऱ्या वाद्यावर नेण्याची वेळ का आली, याचाही विचार केला पाहिजे. बाबांचा नातू शाळेत जातो. तो किंगरी धरणार नाही. आम्ही हळहळ व्यक्त केली, तेव्हा बाबा स्पष्टपणे म्हणाले, “गुरुजी, त्यानं धरावी असं मला बी वाटत न्हाई. दारोदार फिरण्यात काय राहिलंय? पर हा सूर मेला तर गोपीचंदाची माय रडंल कुठं?”

दारोदार फिरण्यात काय राहिले आहे, हे आपण सर्वांनी ऐकावे असे आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाऊन मागणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले. आणि १ जुलै २०१८ या दिवशी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या फोनवर पसरलेल्या खोट्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांस ठार मारिले. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या झोळीत आपल्या घरच्या बायकांनी सुपातील दाणे घातले, त्यांस अनोळखी म्हणून मारण्यात आले. ते वर्तमान ऐकल्यावर बाबांच्या घरच्या मंडळींनी दोन वर्षे त्यांस फिरू दिले नाही. मढीस कानिफनाथांच्या यात्रेला तेवढे ते जात, कारण तेथे सर्व आपलेच. अनोळखी गावात किंगरी काढण्यास हात धजत नाही, असे सांगताना त्यांचा स्वर मुळीच चढला नाही. आणि म्हणूनच आम्हांस मान वर करवेना.

आमच्या वाचकांत ज्यांचे आजे-पणजे माधुकरी मागून विद्या शिकले, अशी घरे पुष्कळ असतील. पाच घरी झोळी पसरून पोट भरावे आणि वेद, व्याकरण शिकावे, यास आपण कधी भीक म्हटले नाही. उलट ते अभिमानाने सांगतो. मग गोपीचंदाचे आख्यान मुखोद्गत करून दारी येणारा जोगी भिकारी कसा? त्याने विद्या राखिली आणि त्या बदल्यात मूठभर धान्य घेतले. दोघांत फरक इतकाच की, आपली विद्या शाळेत गेली, ग्रंथात गेली, तिला पगार मिळू लागला. आणि त्याची विद्या दारातच उभी राहिली. आळ्याची समाधी आपणांस दरवर्षी हेच सांगत असते की, ज्याच्या मुखातून विद्येची अपेक्षा नाही त्याच्याही मुखातून ती निघते. आपण समाधीस नमस्कार करितो आणि दारच्या मुखाकडे पाठ फिरवितो.

म्हणून आम्ही साडूंस सुचविले, आणि त्यांनी व घरातील वडील मंडळींनी ते तत्काळ मान्य केले, की बाबांस जे द्यावयाचे ते शिधा म्हणून देऊ नये, शिक्षकाची दक्षिणा म्हणून द्यावे. आणि ते त्या तरुणाच्याच हातून. पाटावर बसवून, नारळ व वस्त्र ठेवून त्याने ते दिले. बाबांनी ते घेतले, आणि बदल्यात एक अट घातली. ही चाल वरातीत वाजवावयाची नाही, आणि कोठेही वाजविली तरी आधी सांगावयाचे की हा किंगरीचा सूर आहे. तरुणाने होकार दिला. त्याच्या पथकातील मित्र हसले असतील. परंतु त्यानंतर आम्ही तेथे असेतो त्याने ती अट मोडिली नाही.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी साडूंच्या ओसरीवर घरातील व शेजारची मंडळी जमली. उसाच्या बाजूने काळोख दाटला होता, दिवे लागले होते, आणि लहान मुलांस अंगणातून आत घेतले होते. तरुणाने प्रथम सांगितले की हा किंगरीचा सूर आहे, आणि मग वाजविण्यास आरंभ केला. आतून पोळपाटाचा आवाज येत होता तो थांबला. साडूंच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. त्या भिंतीस टेकून बसल्या होत्या. दुसऱ्या ओळीस त्यांनी ओळखले आणि हलक्या आवाजात मैनावतीचे शब्द म्हणू लागल्या. ते त्यांच्या लहानपणी त्यांच्या माहेरच्या दारी ऐकिलेले होते. तरुण त्यांच्या श्वासाबरोबर थांबू लागला. थोड्या वेळाने बाबांनी पिशवीतून किंगरी काढली आणि खालच्या स्वरात गज लाविला. बेंजो जेथे मोकळी जागा सोडी तेथे किंगरी भरून येई, आणि किंगरीच्या लांब ओढीवर बेंजोचे दोन-चार स्वर टपटप पडत. कथेतील तो ऊन थेंब आम्हांस आठवला. एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे मुळीच वाटले नाही.

बाबांच्या मागे किंगरी वाजणार नाही, हे बहुधा ठरलेले आहे. आणि केवळ आपल्या कानांस बरे वाटावे म्हणून कोणाच्या मुलांनी झोळी घेऊन फिरावे अशी इच्छा धरणे हे पाप होय. त्यांच्या मुलांनी शाळेतच जावे. परंतु सुरास घर पाहिजे, आणि ते घर बेंजो होत असेल, पेटी होत असेल, किंवा एखाद्या घरातील मुलीचा गळा होत असेल, तर आपण नाक मुरडू नये. आमची विनंती एवढीच की, यापुढे दारी किंगरीवाला आला तर त्यास अंगणातून वाटेस लावू नये. त्यास ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे, मुलांस जवळ बोलवावे, आख्यान पुरते ऐकावे, आणि त्याचे शब्द त्याच्या अनुमतीने उतरून घ्यावे. घरातील वृद्ध स्त्रियांस विचारावे. त्यांच्यापाशी आपल्या अपेक्षेहून पुष्कळ अधिक आहे. आणि घरातील एखादा मुलगा बेंजो मागू लागला तर त्यास तो घेऊन द्यावा. मात्र त्यावर पहिली चाल कोणाची वाजवावयाची, हे त्यास आपण शिकवावे.